थोरली काडी, धाकटी काडी

ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, हे कळल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

लोखंडाचं बरं असतं. ते आधी काळवंडतं, मग लालबुंद होतं, मग पिवळं. बघणाऱ्याला सांगूनसवरून वितळतं. ॲल्युमिनियम म्हणजे आतल्या गाठीचं. ज्योतीखाली धरलं तरी आहे तसंच चंदेरी दिसत राहतं, जणू आपण त्या गावचेच नाही; आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याचा गोळा होऊन टपकन खाली पडतो. ही माहिती मुलीनेच जेवताना मोठ्या हौसेने दिली होती. तिच्या वडलांनी "वा!" म्हणून पुन्हा ताटात डोकं घातलं. आईने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. धातू कितीही आतल्या गाठीचा असो, त्याला ज्योत दाखवणारे हात कोणाचे होते ते तिला ठाऊक होतं.

मुलीचं घरातलं नाव भिंगरी. खरं नाव चांगलं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यातून बाहेर कधी पडलंच नाही. लहानपणी कुंडीत बी पेरलं की दुसऱ्या दिवशी ती उकरून बघायची, कोंब आला का म्हणून. भिंतीला रंग दिला तर वाळला का ते बोट लावून बघायची. दाराशेजारी ते बोटाचे ठसे अजून होते. कुकरची वाफ जाईपर्यंत थांबणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. "थांब हा शब्द या पोरीच्या कानापर्यंत पोचतच नाही," असं आई म्हणे. त्यावर वडील वर्तमानपत्राच्या आडून म्हणत, "घाई कोणाकडून आली, ते मी विचारत नाही हं."

आणि ही मुलगी उद्या मिस्त्रींचा हात न लागता, एकटीने, औषधांच्या गोदामातल्या थंड खोलीची गळकी कॉइल जोडणार होती.

मिस्त्रींचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला चष्म्याच्या काचा घासणारा, आणि मधे हे लांबट, धुरकट दुकान. गाड्यांचे रेडिएटर, थंड खोल्यांच्या कॉइल, एसीच्या जाळ्या, असं जे जे गळतं ते तिथे यायचं. तांब्याचे जोड कोणीही करी. ॲल्युमिनियमला हात लावणारे मात्र त्या सगळ्या भागात मिस्त्री एकटेच. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करून घ्यायचं आणि पुढे लेकीकडे जाऊन राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. राहिला प्रश्न टेबलाचा, म्हणजे त्यांच्यामागे तिथे कोणी काम करायचं याचा. त्याचाही निकाल त्यांनी भिंगरीला सांगून टाकला होता: "ही कॉइल तू एकटीने जोड. गळली नाही, तर टेबल तुझं. गळली, तर मी शटर ओढतो आणि गॅसची टॉर्च विकून टाकतो. अर्धवट हातात मी माझी ज्योत देणार नाही."

इकडे आत्याला उद्याच संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आत्या म्हणजे भिंगरीच्या वडलांची थोरली बहीण. तिच्या ओळखीच्या एका कचेरीत जागा होती: काचेचं दार, थंडगार हवा, फिरती खुर्ची. ही जागा आईनेच आत्याच्या मागे लागून, दहादा फोन करून शोधायला लावली होती. भिंगरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कॉइल होऊ दे. मग बोलू."

"भिंगरीला फिरती खुर्ची," वडील म्हणाले. "सोय बघितलीस का!"

"तुम्हाला सगळ्याची थट्टा सुचते. उद्या हाताला काही झालं म्हणजे?"

"हाताला व्हायचं ते स्वयंपाकघरातच होऊन गेलंय तिच्या. आठवतं ना?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं? भिंगरी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. पाणी उकळायला म्हणून तिने ॲल्युमिनियमचं पातेलं शेगडीवर चढवलं आणि पाणी घालायचंच विसरली. ज्योत मोठी केली, कारण लहान ज्योत तिला कधीच मानवली नाही, आणि गेली खेळायला. परत येऊन चिमट्याने पातेलं उचललं, तर कडा हातात आणि बूड शेगडीवर! एक थेंब उडून मनगटावर पडला. त्याचा डाग अजून आहे. आई घाबरून रडायला लागली. मुलगी रडली नाही. मनगट नळाखाली धरून ती पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, "पण आई, ते लाल झालंच नव्हतं गं. मग वितळलं कसं?"

आईला त्याचं उत्तर देता आलं नाही. ती कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. उत्तर ज्या पुस्तकात असेल ते शोधून देणं तिला जमलं असतं, पण त्या दिवशी तिने फक्त मलम शोधून दिलं. प्रश्न मुलीच्या डोक्यात तसाच राहिला. पुढे शिक्षण झालं, एक-दोन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, आणि एका उन्हाळ्यात घरचा एसी गळायला लागला. कारागिराने जाळी काढून मिस्त्रींच्या दुकानात नेली. हीही मागोमाग गेली, बघायला म्हणून. अंधार पडल्यावर परत आली ती हाताला पांढरं काहीतरी लागलेलं घेऊन, आणि दारातच म्हणाली, "कळलं. त्याला साक्षीदार लागतो."

साक्षीदार म्हणजे फ्लक्स. ते तिने तेव्हा आईला समजावून सांगितलं, आणि नंतरही इतक्यांदा सांगितलं की आईला ते पाठ झालं. ॲल्युमिनियम स्वतः काही बोलत नाही, म्हणून जोडाच्या जागेवर पांढरं फ्लक्स लावायचं. तापलं की ते आधी वाळतं, मग पिठासारखं होतं, आणि मग एकाएकी त्याचं स्वच्छ पाणी होतं. पाणी झालं की समजायचं, आता धातू तयार आहे. आता जोड भरणारी धातूची काडी टेकवायची. काडीला ज्योत दाखवायची नाही. धातूच्या अंगच्या उष्णतेनेच ती वितळली पाहिजे. वितळली की जोडाच्या फटीत आपोआप ओढली जाते, टिपकागदात शाई जावी तशी.

"आणि धातूच आधी वितळला तर?" आईने विचारलं होतं.

"तीच तर गंमत आहे," भिंगरी म्हणाली. "ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या आसपास मान टाकतं. त्यात दुसरे धातू मिसळलेले असतील तर त्याच्याही आधी. आणि नेहमीची काडी वाहायला लागते पावणेसहाशेच्या जरा पुढे. मधे जी फट उरते ना, तेवढ्यातच सगळं काम. थोडं कमी तापवलंस तर काडी चिकटत नाही. थोडं जास्त तापवलंस तर जोडायला काही उरत नाही."

एवढीशी फट, आणि ही मुलगी! आईने त्या दिवशी देवाला हात जोडले आणि आत्याला पहिला फोन केला.

नंतर कळलं की काड्याही दोन जातीच्या असतात. नेहमीची ती सिलिकॉनची. दुसरीत जस्त जास्त. ती पाचशेच्या आतच वितळते. जुन्या जोडाच्या शेजारी नवा जोड करायचा असला की ही दुसरी लागते, कारण तिथे पुन्हा पावणेसहाशेपर्यंत तापवलं तर शेजारचा जुना जोडच सुटेल. मिस्त्रींच्या दुकानात त्यांची नावं थोरली आणि धाकटी. थोरलीचं काम आधी, धाकटीचं मागाहून. "घरातल्यासारखंच," मिस्त्री म्हणत. "थोरली एकदा नांदायला लागली की मग धाकटीचं बघायचं. धाकटीच्या लग्नात थोरलीचा संसार मोडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी भिंगरी सकाळीच निघून गेली. दुपारी आई डबा घेऊन दुकानाकडे निघाली.

"विसरली वाटतं डबा?" वडलांनी विचारलं.

"हो ना. बघा की, कशी धांदरट."

"मी तर तुला तिच्या पिशवीतून काढून ठेवताना पाहिलं."

आईने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

दुकानात भिंगरी टेबलाशी होती. अंगात जाड एप्रन, केस रुमालात गच्च बांधलेले. कॉइल टेबलावर आडवी होती: कागदासारख्या पातळ, चपट्या नळ्यांची दाराएवढी जाळी, आणि दोन्ही कडांना त्या नळ्या ज्यात जाऊन मिळतात त्या जाड नळ्या. गॅस आत शिरतो तिथला तुकडा चिरला होता. तो कापून काढून नवा बसवायचा होता. नव्या तुकड्याला थोरलीने कडं जोडण्याचं काम सकाळीच झालं होतं. आता तो तुकडा जाड नळीला जोडायचा, तोही धाकटीने. बोटभर अंतरावर सकाळचा जोड, आणि त्याच्या पलीकडे पातळ नळ्यांचे कारखान्यातले सगळे जोड, सगळे थोरलीचे.

"डबा," आई म्हणाली.

भिंगरीने डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई, मी पिशवीत ठेवला होता."

"असेल. पडला असेल."

"चालत घरी गेला असेल," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज मात्र दुकानाला पुरून उरेल असा. "या बाई, बसा. पोरीची परीक्षा आहे म्हटल्यावर पालक येणारच. फक्त एक करा: श्वास घ्या अधूनमधून. तुम्ही आलात तेव्हापासून घेतलेला नाही."

मग मिस्त्री आणि भिंगरी मागच्या अंगणात गेले. पाण्याची टाकी भरायची होती, जोड झाल्यावर कॉइल तिच्यात बुडवून बघायला. आई दुकानात एकटी राहिली.

बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यात समोरचं टेबल म्हणजे नुसता पसारा. चिमटे एकीकडे, ब्रश दुसरीकडे, आणि काड्या तर विचारू नका: काही डब्यात, काही डब्याबाहेर, कित्येकींची शेपटं वाकडी. उठता उठता त्यातली एक तिच्या बाहीत अडकली आणि टर्रकन दोरा उसवला. आई चरकली. बाहीच्या जागी डोळा असता तर? तिने पक्कड घेतली आणि वाकडी शेपटं एकेक करून सरळ केली. मग सगळ्या काड्या गोळा करून, टोकं जुळवून, एकाच डब्यात नीट उभ्या केल्या. ब्रश आणि चिमटे उंचीप्रमाणे लावले. आयुष्यभर तिने लोकांनी विस्कटलेली कपाटं अशीच लावली होती. काळजीने काहीच करता येत नव्हतं, तेवढ्यात हे तरी झालं, म्हणून तिला बरं वाटलं.

दोघं परत आले. मिस्त्री खुर्ची ओढून टेबलापासून दूर बसले. आपल्याला काही दिसत नाही आणि आपण काही बोलणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. भिंगरीने हातमोजे चढवले. जोडाची जागा ब्रशने घासली. दोन फ्लक्सांच्या डब्यांतून धाकटीचं घेऊन लावलं, कारण ज्या त्या काडीचं आपलं आपलं फ्लक्स असतं. शेजारच्या जोडावर ओलं फडकं गुंडाळलं. टॉर्च पेटवली.

आईने हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

ज्योत एका जागी नव्हती. ती जाड नळीभोवती फिरत होती. जाड भागावर जास्त वेळ, नव्या तुकड्यावर कमी, पातळ नळ्यांकडे अजिबात नाही. भिंगरी वाकून बघत होती आणि तिचं दुसरं काहीच हलत नव्हतं. हीच का ती कुंडी उकरणारी? आईला वाटलं, आपण दुसऱ्याच कोणाच्या मुलीकडे बघतोय. फ्लक्स वाळलं. पिठासारखं झालं. आणि खरंच, एकाएकी त्याचं पाणी झालं, काचेसारखं लखलखीत.

भिंगरीने डब्याकडे न बघता हात लांब केला, एक काडी उचलली आणि जोडावर टेकवली.

काहीच झालं नाही.

तिने काडी जोडावरून हलकेच ओढली. काडी तशीच, कोरडी. नखभरही वितळली नाही. ज्योत नळीभोवती एक फेरा मारून आली. पुन्हा काडी टेकवली. पुन्हा काही नाही.

"काय झालं?" मिस्त्रींना बोलल्याशिवाय राहवलं नाही. "पाणी झालं ना?"

"पाणी झालंय काका. काडी उतरत नाही."

"चांगलं झालंय का पाणी?"

"आरशासारखं."

दुकानात फक्त टॉर्चचा फरफर आवाज होता. एवढं सगळं झालं आणि आता एवढ्याशासाठी अडलं? तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, जरा ज्योत जास्त लाव ना मग!"

भिंगरीने ज्योत मागे घेतली.

मागे घेतली, बंद केली, आणि टॉर्च खुंटीला लावली. काडी टेबलावर ठेवली. हातमोजे काढले. हे सगळं तिने इतक्या सावकाश केलं की आईला ओरडावंसं वाटलं.

"विझवलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"विझवली."

"का?"

"फ्लक्स खोटं बोलत नाही. धाकटी असती तर एव्हाना वाहून गेली असती. म्हणजे ही धाकटी नाही." तिने डब्यातून आणखी काही काड्या काढल्या, एकेक तळहातावर घेऊन तोलल्या. मग एक उजव्या हातात आणि एक डाव्या हातात धरून क्षणभर डोळे मिटले. "ही हलकी. ही जड. जस्ताची जड असते. काका, काड्या मिसळल्यात. आणि थोरलीचं शेपूट..."

ती थांबली. सरळ केलेल्या शेपटांकडे तिने पाहिलं, उंचीप्रमाणे लावलेल्या ब्रशांकडे पाहिलं, आणि मग आईकडे.

आईला आता कुठे समजलं. वाकडं शेपूट ती थोरली, सरळ ती धाकटी. हातमोज्यातून, न बघता, नुसत्या स्पर्शाने ओळखता यावी म्हणून मिस्त्रींनी वर्षानुवर्षं चालवलेली खूण.

"बाहीत अडकली गं एक," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "डोळ्यात जाईल म्हणून... मी सरळ केल्या."

मिस्त्रींची मिशी हलायला लागली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि टोकंही जुळवली असतील."

"जुळवली."

"पोरी, आपल्याकडे ग्रंथालय निघालंय," मिस्त्री म्हणाले आणि खुर्ची करकरेल इतके हसले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्हाला माहीत नाही काय झालं ते. आत्ता हिने जास्त लावलं असतं ना, तर काडी वितळली असती. नक्की वितळली असती. पण पावणेसहाशेला. आणि तोवर सकाळचा जोड सुटला असता, पलीकडच्या नळ्यांनी माना टाकल्या असत्या, आणि ही जाळी भंगारात गेली असती. काडी अडली की माणूस ज्योत वाढवतो. मीही वाढवली होती माझ्या काळी, आणि उस्तादाचा मार खाल्ला होता. ज्योत मागे घ्यायला मला कोणी शिकवलं नाही. फार उशिरा कळलं ते."

"मी सांगितलं तिला, जास्त लाव म्हणून," आई पुटपुटली.

"ते ऐकलं मी. आणि तिने नाही ऐकलं."

आईला वाटलं होतं, आता मुलगी आकांडतांडव करील. करायला हक्कच होता. पण भिंगरीने आईच्या हातात पक्कड दिली आणि काड्यांचा सगळा जुडगा समोर ठेवला. "फ्लक्स धुऊन पुन्हा लावायचंय, मला वेळ आहे. आता तूच निवड. हलकी ती थोरली, तिचं शेपूट वाकव. जड ती धाकटी, तिला हात लावू नकोस. घाई करू नकोस."

घाई करू नकोस! आईने मान खाली घालून काड्या तोलायला सुरुवात केली. पहिल्या काही काड्यांत तिला काहीच कळेना, सगळ्या सारख्याच. मग डोळे मिटून दोन हातांत दोन धरल्या, मुलीने धरल्या होत्या तशा, आणि फरक हळूहळू हाताला सांगू लागला. एक हातात असून नसल्यासारखी. दुसरी तेवढीच, पण बोटांवर भार टाकणारी. शेवटच्या काडीपर्यंत ती चुकली नाही. भिंगरीने तरीही एकेक पुन्हा तोलून पाहिली, आणि एका टाकाऊ तुकड्यावर दोन्ही जातींची एकेक वितळवून खात्री केली. आईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट जिवात जीव आला.

दुसऱ्यांदा टॉर्च पेटली. पुन्हा तोच फेरा, तेच वाळणं, तेच पीठ, तेच पाणी. भिंगरीने काडी उचलली, शेपटावरून अंगठा फिरवला, आणि टेकवली. काडीचं टोक विरघळलं. एक चंदेरी रेघ जोडाभोवती धावत गेली आणि फटीत दिसेनाशी झाली. भिंगरी लगेच मागे सरली. आणखी एक थेंबही नाही. पूर्वीच्या भिंगरीने आणखी एक थेंब नक्की घातला असता, "असू दे, मजबूत होईल" म्हणून.

जोड आपोआप निवेपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही. भिंगरी शेजारी उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आई त्या हातांकडे बघत राहिली. बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती, पांढरी पडेपर्यंत. घाई गेली नव्हती तर. मुलगी अजून तीच होती. फक्त तिने ती घाई पाठीमागे धरून ठेवायला शिकून घेतलं होतं.

फ्लक्स गरम पाण्याने धुतलं. कॉइलची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि ती टाकीत बुडवली. मिस्त्री टाकीच्या कडेवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पुढे या. मला दिसत नाही आणि पोरीने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नसतं. तुम्ही बघा. बुडबुडा दिसला तर सांगा. तुमच्याइतकं काळजीने बघणारं माणूस मला गल्लीत सापडायचं नाही."

आई वाकली. पाणी गढूळसर होतं. मग संथ झालं. तिने नव्या जोडाकडे नजर लावली. काही नाही. शेजारच्या जोडाकडे पाहिलं. पातळ नळ्यांच्या मुळांशी, एकेका मुळाशी पाहिलं. आणि मग जोडाच्या खालच्या अंगाला, अगदी कोपऱ्यात, मोहरीएवढा एक बुडबुडा.

तिला तो दिसला नसता तर किती बरं झालं असतं! आत्याची फिरती खुर्ची डोळ्यांसमोर फिरून गेली. एक शब्द बोलली की झालं. मुलगी घरी, ज्योत बंद, जिवाचा घोर संपला.

"आहे एक," ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "पण तो हलत नाहीये. मोठाही होत नाहीये."

"बोटाने पुसा," मिस्त्री म्हणाले.

आईने बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि मोहरीएवढा तो बुडबुडा बोटाने पुसला. तो सुटून वर आला आणि फुटला. आता गळती असेल तर तिथे दुसरा यायला हवा. तिघं थांबली. टायरवाल्याकडे कोणीतरी हातोडा आपटत होतं, तोही थांबला. आई त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पापणी न लववता. दुसरा बुडबुडा आला नाही.

"नाही," आई म्हणाली. "बाहेरचा होता. आतून काही येत नाही."

"पुन्हा बघा."

"बघितलं. नाही येत." आणि मग, कोणी विचारलं नसताना, जरा ठसक्यात, "गळत नाहीये माझ्या मुलीचा जोड."

मिस्त्रींनी मान हलवली. शाबासकी दिली नाही, पाठ थोपटली नाही. गोदामाचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता आणि विचारत होता, "मिस्त्री, कधीपर्यंत होईल?" त्याला त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं, "मला काय विचारता? टेबल तिचं आहे. तिला विचारा."

भिंगरी तेव्हा डबा उघडत होती. "सांगते," ती तोंडात घास घेऊनच म्हणाली. "जरा थांबा."

आई घरी पोचली तेव्हा दिवे लागत होते. वडलांनी बाहीकडे पाहिलं: कोपरापर्यंत ओली, आणि एके ठिकाणी उसवलेली. "डब्याने मारलं का काय?"

तिने सगळं सांगितलं. काड्यांचं, शेपटांचं, "जास्त लाव" चंसुद्धा. वडील हसले, पण बेताने. मग म्हणाले, "ताईचा फोन येऊन गेला दोनदा. कचेरीतली माणसं विचारतायत म्हणे."

आई खुर्चीत बसली. घोर गेला नव्हता. यापुढे दुकानात मिस्त्री नसणार, शेजारच्या खुर्चीतून "पाणी झालं का?" विचारणारं कोणी नसणार, आणि ज्योत तर रोजच पेटणार. ॲल्युमिनियम उद्याही लाल होणार नव्हतं. पण हा घोर घेऊन मुलीला फिरत्या खुर्चीत बसवायचं, म्हणजे काडी अडली म्हणून ज्योत वाढवण्यासारखंच होतं.

आत्याला काय सांगावं, याची तिने मनात जुळवाजुळव केली. भिंगरीला बरं नाही म्हणावं? सध्या वेळ नाही म्हणावं? दहादा आपणच गळ घातली आणि आता आपणच नाही म्हणायचं. आत्या बोलल्याशिवाय राहणार नव्हती, आणि बोलली की तासभर बोलणार होती. बोलू दे. तिने तळहात समोर धरून पाहिला. जड काडीचा भार अजून बोटांवर असल्यासारखा वाटत होता.

"अहो, फोन द्या इकडे," ती म्हणाली. "ताईंना सांगते, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून. आमच्या मुलीला टेबल मिळालंय."